अस्सल गाडी घेऊ की नक्कल? पत्र्याच्या आगगाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, नमस्कार. मी नांदेडची निवृत्त शिक्षिका. माझे वडील पूर्णा जंक्शनला गार्ड होते, त्यामुळे आगगाडी म्हटलं की जीव अडकतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारात मला पत्र्याचं, चावीचं एक इंजिन दिसलं. हिरवा रंग, बाजूला पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘एन. एस. आर.’. विक्रेता म्हणतो, १९१५ सालचं आहे, निझामाच्या एका अधिकाऱ्यानं विलायतेहून मागवलेलं. चाळीस हजार सांगतो. मुलाचा एक मित्र इंग्लंडला असतो. तो म्हणतो, एवढ्याच पैशांच्या आसपास जुन्या धर्तीची नवी, विजेवर चालणारी गाडी आणून देतो. घरात सहा वर्षांचा नातू आहे. फोटो सोबत आहेत. इंजिनावर ‘मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल’ अशी छाप आहे, चाकांना बारीक भेगा आहेत, धुराड्यामागं हिरव्या रंगाखालून तांबूस रंग डोकावतो आणि एका स्क्रूच्या डोक्यावर फुली आहे. जुनं अस्सल घेऊ की नवी नक्कल?

उत्तर : बाई, फोटो इतके नीट काढून पाठवलेत म्हणून ठामपणे बोलता येतं. चाळीस हजाराला ते इंजिन घेऊ नका. पत्रा खरा आहे, त्याच्याविषयी सांगितलेली हकिगत खरी नाही.

आधी छाप वाचू. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट १९०१ साली घेतलं. तेच पुढं मेकॅनो झालं. त्या कारखान्यातून हॉर्न्बीच्या आगगाड्या निघू लागल्या त्या १९२० साली, पहिलं महायुद्ध संपल्यावर. म्हणजे १९१५ हे साल तिथंच बाद झालं. खालचा तांबूस रंग पाहिला तर तो इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेचा दिसतो. १९२३ साली तिकडच्या शंभराहून जास्त रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या केल्या. त्यात मिडलंड ज्या ‘लंडन मिडलंड अँड स्कॉटिश’मध्ये गेली, तिनंही तोच रंग पुढं चालवला. आणि आपल्याकडची रेल्वे १९३० पर्यंत ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ होती. संस्थानानं ती कंपनीकडून १९३० साली ताब्यात घेतली, तेव्हा कुठं ती ‘निझाम्स स्टेट रेल्वे’, म्हणजे ‘एन. एस. आर.’, झाली. तुमच्या वडिलांच्या पिढीला ही नावं तोंडपाठ असत. त्या इंजिनावर हिरवा हात फिरवणाऱ्यानं मात्र ती तपासलेली नाहीत.

विक्रेता एक दाखला देईल, तो आधीच सांगून ठेवतो. हॉर्न्बीनं परदेशी गिऱ्हाइकांसाठी फ्रान्सच्या आणि अर्जेंटिनाच्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं घातलेली इंजिनं काढली होती. हे खरं आहे. मग निझामाची का नसतील, असं तो विचारेल. त्याला तुमचाच तिसरा फोटो दाखवा. पत्र्याला पडलेल्या जुन्या ओरखड्याच्या आत हिरवा रंग उतरलाय आणि त्या खाचेवरून ‘एस’ अक्षर सलग गेलंय. कारखान्यातून रंगून आलेल्या गाडीला ओरखडा पडतो तेव्हा रंग आणि अक्षर दोन्ही कापले जातात. इथं आधी पोचे पडले, मग रंग आला, मग अक्षरं आली. फुलीचा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात वापरात आला. हॉर्न्बीच्या त्या काळच्या चावीच्या इंजिनात सरळ खाचेचेच स्क्रू असतात, म्हणजे हे इंजिन नंतर कुणीतरी उघडलंय.

आता मला मनापासून वाटतं ते सांगतो. रंगवणारा माणूस लबाडच असेल असं नाही. पूर्ण्याच्या लोको शेडमधल्या नाहीतर सिकंदराबादकडच्या लालागुडा वर्कशॉपमधल्या एखाद्या फिटरनं पोराच्या विलायती इंजिनावर आपल्या रेल्वेची अक्षरं काढली असतील, तर ती गाडी मला कारखान्यातल्या कोऱ्या रंगापेक्षाही प्रिय वाटेल. पण त्याला काहीतरी आधार लागतो. त्या घरातला एखादा फोटो, पत्र, वहीतली नोंद, निदान कुणाच्या घरून आलं एवढं तरी सांगता यायला हवं. विक्रेत्याकडं यातलं काही नसेल तर ती ‘नंतर रंगवलेली गाडी’ एवढीच ठरते. जुन्या गाड्या गोळा करणारे लोक पैसे मोजतात ते मूळ रंगाला. रंग गेला की माझ्या मते भाव निम्म्याच्या खाली आला पाहिजे, आणि चाकं खराब असतील तर आणखी खाली.

त्या चाकांकडं लक्ष द्या. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाकं आहेत. इंग्लंडात त्या धातूला माझॅक म्हणतात. ओतताना जस्तात शिशाचा थोडा अंश राहून गेला, तर धातू आतून कणाकणानं कुजत जातो, फुगतो, भेगा पडतात आणि शेवटी बोटानं दाबलं तरी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुष्कळ चांगल्या गाड्यांना ही खोड आहे. त्यावर उपाय नाही. तेल लावून, वार्निश मारून थांबत नाही, दमट हवेत मात्र वाढते. एका गाडीची कीड शेजारच्या गाडीला लागते अशी समजूत आहे, ती चुकीची. प्रत्येक चाकाचं भवितव्य ते ओतलं त्या दिवशीच ठरलेलं असतं. अशा गाडीला नवी ओतीव चाकं बसवतात आणि मी त्यात कमीपणा मानत नाही, फक्त विकताना तसं सांगायला हवं.

आता नकलेकडं येऊ. आपल्याकडं नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. लंडनच्या एस ट्रेन्सनं १९९० च्या दशकात हॉर्न्बीच्या धर्तीवर पत्र्याची विजेची इंजिनं काढायला सुरुवात केली. ती उघडपणे आपल्या नावानं विकतात, आणि काम देखणं असतं. अमेरिकेत माइक्स ट्रेन हाउसनं लायोनेल कंपनीच्या महायुद्धाआधीच्या भल्यामोठ्या गाड्या पुन्हा घडवल्या. जर्मनीच्या मार्कलिननं तर स्वतःच्याच जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती काढल्या. सगळ्यात विचार करायला लावणारं उदाहरण स्पेनच्या पाया कंपनीचं आहे. तिनं १९८० च्या दशकात आपले जुने साचे बाहेर काढून तीच खेळणी ठरावीक संख्येत, क्रमांक घालून पुन्हा बनवली. साचा तोच, कारखाना तोच, पत्रा नवा. तिला नक्कल म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण १९३० ची म्हणून कुणी विकली तर ती फसवणूकच. सांगायचं एवढंच की नकलेत खोट नसते. खोट येते ती नकलेचा क्रमांक कानशीनं घासला जातो, पत्र्याला चहाचं पाणी लावून मळकटपणा आणला जातो तेव्हा. खऱ्या वापराची झीज जिथं हात आणि रूळ लागतात तिथंच असते: चाकांच्या कडा, चावीच्या भोकाभोवती, डबे जोडायचा आकडा, छताच्या कडा. सगळ्या अंगावर सारखा मळ दिसला की गाडी तिथंच ठेवायची.

राहिला नातू. इथं मी जरा कडक बोलणार आहे. जुन्या गाड्यांच्या रंगात आणि झाळकामात शिसं असतं. सहा वर्षांचं पोर हात तोंडात घालतंच. म्हणून अस्सल जुनी गाडी त्याच्या हाती द्यायची नाही, चावीची असो की विजेची. विजेच्या जुन्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं आहे. १९२० च्या दशकातल्या काही गाड्या घरातल्या विजेवरून, मधे फक्त दिवा अडथळा म्हणून लावून चालवत, आणि रुळांना हात लागण्याची भीती असे. जुना ट्रान्सफॉर्मर सोबत आला तर तो शोभेला ठेवा, प्लगमध्ये घालू नका.

इंग्लंडहून येणारी नवी गाडी विजेच्या बाबतीत सुरक्षित, ती कमी दाबावर चालते. पण तीही मोठ्या माणसांच्या छंदासाठी केलेली असते, सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. पत्र्याच्या कडा, बारीक भाग, वजनदार इंजिन, टेबलावरून पडलं तर पायाचं बोट ठेचेल. आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नातवाच्या एकट्याच्या खेळासाठी ती खूण असलेलीच गाडी घ्या, मग ती प्लास्टिकची असली तरी चालेल. इंग्लंडची गाडी आणलीत तर ती आजी आणि नातू दोघांनी मिळून चालवायची. कंट्रोलर त्याच्या हातात, गाडी रुळावर ठेवायचं काम तुमच्या. मला विचाराल तर हेच करा. कस्टमचा खर्च आधी विचारून घ्या. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेलं होतं, त्यामुळं आजचा दर काय लागतो ते त्या मित्राला पक्कं करायला सांगा.

आणि तरीही ते हिरवं इंजिन मनातून जात नसेल, तर परत जा आणि पावतीवर एवढंच लिहून मागा: ‘इंजिन हॉर्न्बीचं, रंग व अक्षरं नंतरची, चाकं तडकलेली.’ हे लिहून द्यायला तयार असलेला विक्रेता भावही त्याप्रमाणेच सांगेल. तेव्हा अवश्य घ्या. वडिलांच्या रेल्वेची अक्षरं कुणीतरी हातानं काढली आहेत, हे कारण मला पुरेसं वाटतं. ‘अँटिक’ या शब्दाला मात्र भुलू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षांची लागते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्या मुलाच्या मित्रामार्फत हेच इंजिन तिकडं विकू असा विचार मनात असेल तर आधी त्याचं साल पक्कं करावं लागेल.

प्रश्न : काका, मी लातूरचा, वय अठ्ठावीस. आजोबांकडून बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. बार्शी लाइटची पत्र्याची जुनी खेळण्यातली गाडी कुठं मिळेल? अस्सल नसेल तर नक्कलही चालेल.

उत्तर : बाळा, जी वस्तू कुणी बनवलीच नाही तिची नक्कल कशी मिळणार? जर्मन, इंग्रज, अमेरिकी कारखाने आपापल्या देशातल्या पोरांना ओळखीच्या वाटतील अशाच गाड्या करत. बार्शी लाइटची मूळ खेळण्यातली गाडी म्हणून कुणी काही दाखवलं तर वरच्या बाईंना सांगितलं ते सगळं तुलाही लागू आहे.

पण तुझा प्रश्न मला फार आवडला. ती रेल्वे होतीच तशी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं आखलेली, दोन फूट सहा इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. वारकऱ्यांनी आणि कापसाच्या गाठींनी भरलेल्या त्या छोट्या डब्यांवर कुणीतरी खेळणं करायला हवं होतं.

मग तूच करून घे. लातूरला गंजगोलाईच्या आसपास अजून पत्र्याचं काम करणारे कारागीर आहेत, कोठ्या, डबे, नरसाळी बनवणारे. पत्र्याचा डबा बनवणाऱ्या हाताला रेल्वेचा डबा अवघड नाही. खिळे-स्क्रूऐवजी पत्र्याच्या जिभा खाचेतून घालून मागं दुमडायच्या, जुनी खेळणी अशीच जोडलेली असत. रूळ बाजारात सहज मिळावेत म्हणून माप ‘ओ गेज’चं धर, दोन रुळांमध्ये ३२ मिलिमीटर. या मापाचे रूळ नवे-जुने दोन्ही मिळतात. चाकं आणि मोटर विकत घे, बाकी अंग लातूरचं. रंग शिसं नसलेला वापर. आणि तळाला कारागिराचं नाव, गाव आणि साल ठोकून घे, पुसता येणार नाही असं. पन्नास वर्षांनी कुणी ती ‘निझामाच्या काळातली’ म्हणून विकायला जाऊ नये, आणि त्या कारागिराचं नावही राहावं. गाडी झाली की फोटो पाठव. मी वाट बघतोय.

प्रश्न : दादा, बीडहून लिहितो. पणजोबांच्या पेटीत दोन छापील पत्र्याचे डबे आणि एक चावीचं इंजिन सापडलं. इंजिनावर जर्मन खूण आहे, गंज चढलाय, रंग जागोजागी उडालाय. गावातला एक पेंटर मोटारगाडीसारखा चकचकीत रंग देतो म्हणतो. द्यावा का? आणि हे डबे खरंच जुने आहेत हे कसं ओळखू?

उत्तर : पेंटरला नमस्कार करून परत पाठवा. कृपा करून आजच पाठवा. उडालेला रंग तुमच्या पणजोबांच्या घरात उडालाय, तो तसाच राहू द्या. चिंच, राख, भांडी घासायची पावडर, पॉलिश यातलं काहीही त्या पत्र्याला लावू नका. छापील रंगाचा थर इतका पातळ असतो की एकदा घासल्यावर तो परत येत नाही. मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडायची, फार तर कापसाचा बोळा किंचित ओला करून, आधी तळाच्या कोपऱ्यात पाहून, मग हलक्या हातानं. पाण्यात बुडवायचं नाही.

डबे ओळखायला भिंग लागेल, घड्याळवाल्याचं दहापट मोठं दाखवणारं. माझ्या दुकानात तेच असतं आणि तेवढं पुरतं. जुन्या लिथो छपाईत प्रत्येक रंग वेगळा, भरीव छापलेला दिसतो, कधी हातानं मारलेल्या वेड्यावाकड्या ठिपक्यांनी छटा दिलेली असते. जुन्या डब्याचा फोटो काढून केलेल्या नव्या छपाईत चार रंगांचे बारीक ठिपके शिस्तीत मांडलेले दिसतात, वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे, आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात. दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो अंधारात डब्यावर धरा. नंतर रंगवलेले ठिगळ आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळे उजळतात. लोहचुंबक चिकटला म्हणून डबा जुना ठरत नाही. कल्हईचा पत्रा म्हणजे आत पोलादच, नव्या पत्र्यालाही चुंबक चिकटतो.

जर्मन खुणेबद्दल फोटोशिवाय नाव घेणार नाही. पण अक्षरं नीट वाचा. ‘डी. आर. जी. एम.’ असेल तर ती जर्मन साम्राज्याच्या काळात सुरू झालेली नोंदणीची खूण, ती दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या मालावर दिसते. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर महायुद्धाआधीचं असण्याची शक्यता जास्त, ‘यू. एस. झोन’ असेल तर १९४५ नंतरच्या चार-पाच वर्षांतलं, ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचं. गोपिंगेनच्या मार्कलिननं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि गाड्या मांडल्या, तेव्हापासून गाडीचं माप मोजून बरंच कळतं. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन चाकांमधलं अंतर बघा, त्यावरून गाडी कोणत्या रुळांची ते कळेल. रूळ ३२ मिलिमीटरचे असतील तर ओ गेज, ४५ चे असतील तर एक नंबरचं गेज.

चावी मात्र लगेच देऊ नका. स्प्रिंग अनेक वर्षं एका स्थितीत बसलेली असते, जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. जोर लावून पूर्ण चावी दिली तर पातं तुटतं आणि सुटलेलं पातं बोट फाडतं. गंज सोडवायचा फवारा मारण्याचा मोहही टाळा, तो रंगावर उतरतो. आधी इंजिन एखाद्या भिंतीवरच्या घड्याळाची कामं करणाऱ्या जुन्या घड्याळवाल्याकडं न्या. त्याला सांगा की जिभा उघडू नका, त्या एकदोनदा वाकवल्या की तुटतात. बाजूनं पोचेल तेवढंच साफ करा, घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब द्या. मग अर्धी चावी, चाकं हवेत ठेवून.

आपल्या मराठवाड्याची कोरडी हवा पत्र्याला मानवते. कोकणातल्या गाड्यांचे गंजून झालेले हाल मी पाहिलेत, त्या मानानं तुमचं इंजिन नशीबवान. पावसाळ्याचे तीन-चार महिने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या ओलावल्या की बदला. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर पेटी ठेवू नका. आणि दोन्ही डबे वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई छापील रंगावर उतरते. साधा पांढरा सुती कपडा घ्या, धुऊन कांजी काढलेला.